मद्यासक्ती : बीजाचा दोष की क्षेत्राचा?

चिकित्सालयात बसणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकास हा प्रसंग परिचित असेल. एक माता आपल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन येते. तक्रार अम्लपित्ताची असते. नाडीपरीक्षा होते, प्रश्न विचारून होतात आणि मुलगा बाहेर गेल्यावर ती हलक्या आवाजात म्हणते, "वैद्यराज, याचे आजोबा दारूनेच गेले. याच्या बाबांचंही तेच झालं. आता याच्याही तोंडाला वास येऊ लागला. रक्तातच आहे म्हटल्यावर औषधाचा काही उपयोग होईल का हो?" महाल-इतवारीच्या जुन्या वस्तीपासून हिंगणा-बुटीबोरीच्या औद्योगिक पट्ट्यापर्यंत नागपुरात हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे.

या एका प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न आहेत. मद्यासक्ती कुलज आहे काय, हा पहिला. आणि व्यसनमुक्तीच्या उपचारांवर विश्वास ठेवावा काय, हा दुसरा. दोहोंचे उत्तर आपण कसे देतो, यावर त्या मुलाचे पुढील आयुष्य काही अंशी अवलंबून असते. म्हणूनच या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

संहितांची भूमिका

कुलज व्याधींची कल्पना आपल्या शास्त्रास नवीन नाही. सुश्रुताचार्यांनी शुक्रशोणितदोषजन्य व्याधींना आदिबलप्रवृत्त म्हटले असून कुष्ठ व अर्श यांची उदाहरणे दिली आहेत. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या चिकित्सेत बीजदोषजन्य प्रमेह असाध्य मानला आहे आणि इतर कुलज विकारांनाही तेथेच असाध्य म्हटले आहे. परंतु चरक चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मदात्ययाचे विवेचन करताना भर आहे तो मद्याच्या गुणांवर, मात्रेवर, काळावर, अन्नावर, पिणाऱ्याच्या बलावर व सत्त्वावर. मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्णादी दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध आहेत, हा त्या विवेचनाचा पाया होय. पित्याच्या व्यसनामुळे पुत्राचा मदात्यय असाध्य ठरतो, असे तेथे म्हटलेले नाही.

तथापि आचार्यांनी गर्भाचा विचार सोडला नाही. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भास उपघातक असणारे भाव सांगताना, नित्य मद्यपान करणाऱ्या स्त्रीचे अपत्य तहानेने व्याकुळ, अल्पस्मृती वा अस्थिर चित्ताचे होते, असे स्पष्ट नमूद आहे. गर्भावस्थेतील मद्यपानाने बालकाच्या मेंदूवर कायमचे परिणाम होतात, ही गोष्ट पाश्चात्त्य वैद्यकात १९७३ नंतर सर्वमान्य होऊ लागली, हे लक्षात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते.

आधुनिक संशोधन काय सांगते?

घरातील वातावरण आणि रक्ताचा वारसा यांना वेगळे कसे करावे, हा कूटप्रश्न होता. डेन्मार्कमधील दत्तक मुलांच्या नोंदींनी तो काही अंशी सोडविला. गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जन्मानंतर काही आठवड्यांतच दत्तक गेलेल्या मुलग्यांची पाहणी केली. ज्यांचे जन्मदाते मद्याधीन होते, त्यांच्यापैकी १८ टक्के पुढे मद्याधीन झाले; इतरांत हे प्रमाण ५ टक्के होते. म्हणजे वाढ परक्या घरी होऊनही धोका सुमारे चौपट राहिला. जुळ्या भावंडांच्या व दत्तक मुलांच्या अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण २०१५ मध्ये झाले, तेव्हा मद्याधीनतेतील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ५० टक्के असल्याचे आढळले. आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत डॉ. विवेक बेनेगल व सहकाऱ्यांनी मद्याधीन पित्यांच्या मुलांचा अभ्यास केला. अद्याप मद्याला स्पर्शही न केलेल्या अशा मुलांच्या मेंदूच्या रचनेत काही फरक त्यांना आढळले.

तेव्हा वारसा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु येथे दोन गैरसमज टाळावेत. ५० टक्के वाटा याचा अर्थ मद्यपी पित्याच्या दोन मुलांपैकी एक मद्यपी होणार, असा नव्हे. समाजात व्यक्ती-व्यक्तींमध्ये जो फरक दिसतो, त्यातील सुमारे निम्मा फरक आनुवंशिक कारणांनी समजावता येतो, एवढाच त्याचा अर्थ. दुसरे असे की, डेन्मार्कचीच आकडेवारी उलट बाजूने वाचावी. वारसा असलेल्या शंभरांतील ऐंशीहून अधिक मुलगे, निदान तिशीच्या सुमारास पाहणी झाली तोपर्यंत, मद्याधीन झालेले नव्हते. मातेस सांगायचे असेल तर हे आधी सांगावे.

वारशाने व्याधी येत नाही, व्याधीची प्रवणता येते. कोणास मद्य लवकर चढत नाही, म्हणून तो अधिक पितो. कोणाचा स्वभाव उतावळा असतो. कोणास चिंतेवर मद्याचा उतारा लवकर सापडतो. मद्याधीनतेचे असे एकच एक बीज नाही. अनेक लहान लहान बीजभागांचा तो समुच्चय आहे.

क्षेत्राचा विचार

सुश्रुताचार्यांनी गर्भोत्पत्तीसाठी ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज या चारही गोष्टींची संगती आवश्यक मानली आहे. हा दृष्टांत आम्हास येथे फार उपयुक्त वाटतो. बीज पित्याकडून आले तरी क्षेत्र व अंबु मिळाल्याखेरीज त्यास अंकुर फुटत नाही. मद्याच्या बाबतीत क्षेत्र म्हणजे घर, मित्रमंडळी, कामाचे ठिकाण व गाव. आणि अंबु म्हणजे सहज हाती येणारी दारू.

या क्षेत्राचा प्रयोग आपल्या विदर्भाइतका अन्यत्र क्वचितच झाला असेल. गांधीजी व विनोबांच्या वास्तव्याने पावन झालेला वर्धा जिल्हा अनेक दशके दारूबंदीचा जिल्हा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेसह अनेक संघटनांनी व गावोगावच्या स्त्रियांनी चालविलेल्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. २०१६ पासून तेथे 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सुरू झाला, ज्यात कायद्याला गावसंघटन व उपचार यांची जोड देण्यात आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली व २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. बंदीच्या जिल्ह्यांत चोरट्या मार्गाने दारू येते, हे सर्वश्रुत आहे. केवळ कायद्याने क्षेत्र पूर्ण शुद्ध होत नाही. परंतु गाव एकत्र आले की पेला हाती येणे कठीण होते, हेही आपण पाहिले आहे.

व्यसनमुक्तीविषयी शंका

दुसरा प्रश्न उपचारांचा. 'महिनाभर ठेवले, पैसे भरले, घरी आला आणि आठ दिवसांत पुन्हा सुरू', ही तक्रार आपण ऐकतो. शंका निराधार नाही. 'शंभर टक्के यश' अशी जाहिरात करणारी केंद्रे किती रुग्णांची वर्षभर विचारपूस करतात, हे विचारले की बहुधा उत्तर मिळत नाही. जे पुन्हा आलेच नाहीत, ते बरे झाले असे मानण्याची प्रथा आकडेवारीस घातक आहे.

अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या स्वमदत चळवळीविषयीही हाच वाद दीर्घकाळ चालला. २००६ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या पुनरावलोकनात, तिची परिणामकारकता निर्विवादपणे सिद्ध करणारा अभ्यास उपलब्ध नाही, असा निष्कर्ष निघाला. २०२० मध्ये त्याच संस्थेने २७ अभ्यास व १० हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली. तेव्हा चित्र पालटले. बारा पायऱ्यांच्या सुसूत्र कार्यक्रमात वर्षाअखेर सुमारे ४२ टक्के व्यक्ती पूर्ण मद्यमुक्त होत्या, तर इतर मानसोपचारांत सुमारे ३५ टक्के. म्हणजे उपाय खरा आहे, पण निम्म्याहून अधिक व्यक्ती वर्षभर पूर्ण मुक्त राहू शकल्या नाहीत, हेही तितकेच खरे.

आपल्या निकटचे उदाहरण गोव्याचे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेने साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांकरवी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत संवाद साधला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या मर्यादेखाली आले. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. हे यश कोणत्याही गुप्त औषधाचे नव्हे.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने निवासी उपचारांनंतरच्या पाठपुराव्यास आणि रुग्णाच्या पत्नीसह कुटुंबास उपचारात स्थान दिले. हा क्षेत्रशुद्धीचाच प्रकार होय. रुग्णास महिनाभर बाहेर काढून पुन्हा त्याच क्षेत्रात टाकणे आणि क्षेत्रच बदलण्याचा प्रयत्न करणे, यांत महदंतर आहे.

पुनःपानाकडे पाहण्याची दृष्टी

येथे चरकाचार्यांचे एक निरीक्षण आपण विस्मृतीत टाकले आहे असे वाटते. मद्य सोडलेला मनुष्य एकाएकी पुन्हा अतिमात्रेत पिऊ लागला की त्यास ध्वंसक व विक्षय हे विकार जडतात, असे सांगून त्यांची लक्षणे व वातिक मदात्ययाप्रमाणे चिकित्साही त्यांनी दिली आहे. म्हणजे पुन्हा पिणे हा आचार्यांनी केवळ अपराध मानला नाही. त्यास व्याधीचे नाव व उपचार दिले. मधुमेहीची शर्करा वाढली म्हणून आपण त्यास हाकलून देत नाही. मग पुन्हा प्यालेल्या रुग्णास 'तुझ्याच्याने होणार नाही' असे का म्हणावे?

आपले कर्तव्य

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मद्याधीन असणाऱ्या ३८ जणांपैकी एकासच काही उपचार मिळतो. उरलेल्यांपैकी अनेकांची गाठ आधी आपल्याशी वा आपल्या औषधी दुकानाशी पडते. म्हणून काही गोष्टी आग्रहाने नमूद करतो.

पहिली गोष्ट आसवारिष्टांची. त्यांत स्वयंजनित मद्यार्क असतो. नियमानुसार तो १२ टक्क्यांपर्यंत असू शकतो. मद्य सोडलेल्या रुग्णास दशमूलारिष्ट वा अश्वगंधारिष्ट देणे म्हणजे अंबु पुरविणे होय. त्याऐवजी ताजा क्वाथ, चूर्ण वा वटी यांची योजना करावी. बाटलीतील प्रवाही क्वाथाचेही लेबल वाचावे. रुग्ण डायसल्फिराम घेत असेल तर हा प्रश्न जिवाचा ठरू शकतो. त्या गोळीवर मद्यार्क पोटात गेल्यास चेहरा लाल होणे, वांती, हृदयाची धडधड व रक्तदाब घसरणे असे प्रकार होतात आणि शेवटच्या मात्रेनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. औषधी विक्रेत्यांनी आसवाची बाटली हाती देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावाच.

दुसरी गोष्ट, पतीच्या नकळत चहात वा भाजीत मिसळण्याच्या पुड्या. घटकांचा उल्लेख नसलेली अशी पुडी दुकानात ठेवू नये, सुचवू नये. रुग्णाच्या संमतीवाचून दिलेल्या औषधाने सत्त्वावजय साधत नाही. घरातील विश्वास मात्र जातो.

तिसरी गोष्ट, दररोज भरपूर पिणाऱ्यास 'आजपासून बंद' असा आदेश घरच्या घरी देऊ नये. अहितकर सवय पादांश क्रमाने सोडावी, हा सूत्रस्थानातील उपदेश सुज्ञांस ज्ञात आहेच. एकाएकी थांबल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके व त्यानंतर कंप, भ्रम, प्रलाप संभवतो. अशी पूर्वपीठिका असल्यास रुग्णालयात दाखल करणे हेच शहाणपणाचे. तेथे आपला अहंकार आड येऊ देऊ नये.

चौथी गोष्ट, केंद्राकडे रुग्ण पाठविण्यापूर्वी चौकशी करावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये नोंदणी आहे काय? डॉक्टर उपलब्ध असतात काय? मारहाण, साखळदंड, भेटीस मनाई असले प्रकार नाहीत ना? घरी गेल्यावर वर्षभर पाठपुरावा होतो काय? या प्रश्नांची उत्तरे टाळणाऱ्या ठिकाणी रुग्ण पाठवू नये.

आता त्या मातेचे उत्तर. आम्ही तिला असे सांगू : आजोबांकडून जे आले ते खोटे नाही, म्हणून आपल्या मुलाला इतरांहून अधिक जपावे लागेल, इतरांचा पहिला पेला आणि याचा पहिला पेला सारखा नाही. परंतु बीज आले म्हणून पीक आलेच, असे नव्हे. मग त्या मुलास एकट्यास आत बोलवावे, दोष न देता विचारावे, आणि अम्लपित्ताच्या औषधासोबत पुढच्या भेटीची तारीख द्यावी. तो पुन्हा आला, म्हणजे चिकित्सेस आरंभ झाला असे समजावे.