बर्फातल्या फोटोआधी बडोद्यात काय घडतं

हातात आइस अ‍ॅक्स, डोळ्यांवर काळा गॉगल, मागे पांढरा शुभ्र उतार. असा मुलाचा फोटो आला की तो दांडिया बाजारातल्या काकांपासून न्यू जर्सीतल्या आत्यापर्यंत सगळ्यांकडे पोचतो. फोटो खरा असतो आणि कौतुकही खरं असतं. पण त्याआधीचे काही महिने त्या घरात काय चाललेलं असतं, ते मी जवळून पाहत आलो आहे. उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थांत बडोद्याची मुलं पाठवण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. फॉर्म भरून घेणं, पावागडावर सराव करून घेणं, स्टेशनवर सोडणं आणि मुलं तिकडे असताना त्यांच्या आईवडिलांचे फोन घेणं, असं हे काम.

पहिली गोष्ट म्हणजे ही सहल नव्हे. निम्म्या घरांना हेच आधी नीट सांगावं लागतं. तेनसिंग आणि हिलरी 1953 साली एव्हरेस्टवर पोचले आणि पुढच्याच वर्षी, 4 नोव्हेंबर 1954 ला, दार्जिलिंगची संस्था सुरू झाली. उत्तरकाशीची नेहरू संस्था 14 नोव्हेंबर 1965 ची. ह्या दोन्ही संस्था संरक्षण मंत्रालय आणि त्या त्या राज्याच्या सहकार्यानं चालतात आणि प्राचार्य लष्करी अधिकारी असतो. बेसिक कोर्स 28 दिवसांचा. पहाटे चहा, मग पीटी, मग पाठीवर ओझं घेऊन प्रस्तरारोहणाच्या जागेपर्यंत चालत जायचं आणि संध्याकाळी चालत परत यायचं. सहा-सात जणांची एक 'रोप' असते आणि तिला एक उस्ताद असतो. रोपमधला एक मागे पडला की सगळ्यांनी थांबायचं. तिथे कोण कोणाचा मुलगा, हे कोणी विचारत नाही.

आईवडिलांचे प्रश्न मात्र ठरलेले. जेवण शाकाहारी मिळेल ना? फोन लागेल ना? गरम पाणी असतं का? हे प्रश्न मी कधीच मोडीत काढत नाही, कारण काळजी अशाच प्रश्नांतून बोलते. शाकाहारी जेवण मिळतं. ग्लेशियरकडे निघाल्यावर फोन लागत नाही. गरम पाणी विसरा. पण जो प्रश्न विचारायला हवा, तो फार कमी जण विचारतात. तो असा: आमच्या मुलाला काय झालं तर तिथे कोण काय करेल?

तो प्रश्न फॉर्मच्या मागच्या पानांवर असतो. एक इन्डेम्निटी बाँड असतो. मूल डोंगरातल्या धोक्याची जाणीव ठेवून येत आहे, असं त्यावर लिहून द्यायचं. बहुतेक वडील तो न वाचता सही करतात. एका वडिलांनी माझ्यासमोर स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही ठोकली होती. मी तो कागद परत त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, घरी जा, जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा, मग उद्या आणा. त्यांना राग आला. दुसऱ्या दिवशी कागद आला तेव्हा त्यावर आईचीही सही होती, खरं तर तिच्या सहीसाठी जागाच नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक घराला तो वाचायला लावतो.

वैद्यकीय दाखल्याचं तर वेगळंच. ओळखीचे डॉक्टर असतात, मुलाला लहानपणापासून पाहिलेलं असतं, मग तपासायचं काय, सही करून टाकू. एकदा निघायला आठवडा उरला असताना एका मुलाची आई एकटीच माझ्याकडे आली. दारातच म्हणाली, "सर, याला लहानपणी दमा होता. फॉर्मवर त्यानं 'नाही' लिहिलंय. मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नका." ते मला शक्य नव्हतं. मी मुलाला बोलावून विचारलं. त्यानं मान खाली घातली आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या हंगामात तो गेला नाही. छातीच्या डॉक्टरांकडे रीतसर तपासण्या झाल्या, त्यांचं पत्र घेऊन तो पुढच्या हंगामात गेला. फॉर्मवर सगळं खरं लिहिलेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनीही तपासून परवानगी दिली. बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे फूट उंचीवर. उत्तरकाशीचा बेसिक कोर्स डोकरानी बामक ग्लेशियरवर जातो, त्याचा तळच बारा हजार फुटांच्या वर आहे. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्या इथल्या जवळजवळ दोन-तृतीयांश. तिथे खोटा दाखला मुलाच्याच जिवावर येतो.

सरावाला आम्ही पावागडावर जातो. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर, उंची आठशे मीटरच्या आसपास. पावसाळ्यात जी विश्वामित्री आपल्या घरांत शिरते, ती ह्याच डोंगरातून निघते. मुलांनी हे शाळेत घोकलेलं असतं, पण त्या डोंगरावर पायी गेलेली फार थोडी असतात. रोपवे 1986 पासून आहे, माचीपर्यंत गाडी जाते, मग चालणार कोण? आम्ही खालून, चांपानेरपासून, जुन्या किल्ल्याच्या दरवाजांमधून जाणाऱ्या वाटेनं चढतो. सॅकमध्ये दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, हळूहळू वाढवत बारा किलोपर्यंत. वर पोचलं की पाणी यात्रेकरूंना प्यायला द्यायचं, उरलेलं झाडांना घालायचं आणि रिकाम्या बाटल्या घेऊन उतरायचं. ओझं घेऊन उतरलं की गुडघे जातात आणि सोळा-सतरा वर्षांच्या गुडघ्यांना उगाच मार देण्यात काही अर्थ नाही.

खरी परीक्षा पायांची. एका मुलीनं आदल्या दिवशी मंगळ बाजारातून नवे बूट घेतले आणि तेच घालून आली. माचीच्या अलीकडे पायरीवर बसली, मोजा काढला. टाचेवर रुपयाएवढा फोड, वरची कातडी सुरकुतलेली, कडेनं लाल. ती फोडायला निघाली होती, मी हात धरला. स्पिरिटनं भोवती पुसलं, कोरडं होऊ दिलं, मग टेप एकही चुणी न पडू देता टाचेवर बसवली, कारण चुणी पडली की तिथेच दुसरा फोड येतो. आत पातळ मोजा, वर लोकरी. ती वर गेली आणि खालीही आली. पुढे उत्तरकाशीत तिच्या रोपमधल्या सगळ्यांच्या टाचांना टेप तीच लावत असे, असं तिनं पत्रात लिहिलं. ते पत्र तिच्या आईनं मला वाचायला दिलं. त्यात शिखरांबद्दल दोन ओळी होत्या आणि टाचांबद्दल पूर्ण पान.

सॅक भरणं हा घरचा सोहळाच असतो. आजीचे डिंकाचे लाडू, मावशीचे थेपले, खाखऱ्याची पाकिटं, जगदीशचा लीलो चेवडो. हे सगळं काढून ठेवायला सांगणं मला दर वेळी जड जातं. बूट, स्लीपिंग बॅग, आइस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन हे संस्था देते. मुलानं न्यायचं ते लोकरी मोजे, हातमोजे, टोपी, टॉर्च, आपली औषधं. थेपले हरिद्वारपर्यंतच्या गाडीत संपतात, तेवढे घ्या. तिथून ऋषिकेश, मग चंबा-धरासू मार्गानं बस. त्या वळणांवर पोटात थेपले नसलेलेच बरे.

मुलांना घडवण्याचं वळण बडोद्याला नवं नाही. सयाजीराव महाराजांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि त्याच काळात प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात मुलांची शरीरं घडत होती. त्या आखाड्याचं, म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिराचं, नाव जुन्या बडोदेकर मराठी घरांत आजही आदरानं घेतलं जातं. एका मुलीच्या वडिलांचा कोर्सला ठाम नकार होता. तिचे आजोबा तरुणपणी मल्लखांब करणारे. ते स्वतः नातीला घेऊन सरावाला आले, दोराची गाठ हातात घेऊन पाहिली, ओढून पाहिली आणि मला म्हणाले, "ही गाठ पोरीला डोळे मिटून घालता आली पाहिजे." आजोबांनी तिला रोज रात्री दिवा घालवून फिगर-ऑफ-एट आणि बोलाइन घालायला बसवलं. वडिलांनी सही केली ती त्या अंधारातल्या गाठी पाहून, माझ्या बोलण्यानं नव्हे.

4 ऑक्टोबर 2022. नवरात्रातली नवमी होती, शहरात गरब्याची शेवटची रात्र. त्या सकाळी द्रौपदी का डांडा-2 शिखरावर हिमस्खलन झालं. नेहरू संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी त्यात सापडली. 29 जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवालही होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही सर केली होती. संध्याकाळपासून माझा फोन थांबला नाही. बाहेर ढोल वाजत होते आणि फोनवर आया रडत होत्या, ज्यांची मुलं तेव्हा बडोद्यातच, बाजूच्या खोलीत होती. पुढच्या कोर्ससाठी नावं दिलेली काही मुलं आमच्याकडे होती. आम्ही सगळ्या पालकांना बोलावलं.

त्या बैठकीत मी कोणाचं मन वळवलं नाही. बेसिक कोर्समध्ये तसल्या शिखराची चढाई नसते, हे सांगितलं. पण ग्लेशियर तो ग्लेशियर, धोका शून्य कधीच नसतो, हेही सांगितलं. काहींनी नाव मागे घेतलं. एक मुलगी आईशेजारी बसून एक शब्द बोलली नाही. आईनं फॉर्म परत मागितला, मी दिला. दोन वर्षांनी तोच फॉर्म नवी तारीख घालून परत आला. मधल्या काळात त्या घरात काय झालं ते मी विचारलं नाही.

त्यानंतर 17 मे 2023 ला बडोद्याच्या निशाकुमारी एव्हरेस्टवर पोचल्या. त्या मोहिमेत त्यांना हिमदंश झाला. तरीही पुढच्या वर्षी त्या सायकलनं बडोद्याहून लंडनला निघाल्या. आमच्या मुलींच्या मोबाइलवर त्यांचे फोटो आले आणि घरोघरी त्यांच्या बोटांची चर्चा झाली. मला ते बरं वाटलं. शिखर आणि हिमदंश दोन्ही एकाच वेळी घरात आले, असं व्हायलाच हवं.

आता सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट. एक मुलगा तळावर पोचल्यावर दुसऱ्याच रात्री आजारी पडला. डोकं ठणकत होतं, अन्न पोटात ठरत नव्हतं, चालताना तोल जाऊ लागला. उस्तादांनी वाट पाहिली नाही, त्याला लगेच खाली उतरवलं. खाली आल्यावर तो बराच सावरला, कारण उंचीच्या आजारावर उतरणं हाच खरा उपाय. कोर्स मात्र संपला. तो बडोदा स्टेशनवर उतरला तेव्हा त्याला घ्यायला कोणी आलं नव्हतं. जाताना अकरा माणसं आली होती, हार होता, पेढे होते. घरी शेजाऱ्यांना सांगितलं होतं की मुलाला तिकडे डेंग्यू झाला.

मी त्याच्या वडिलांकडे गेलो. त्यांना नंदू जयाल यांची गोष्ट सांगितली. दार्जिलिंगच्या संस्थेचे पहिले प्राचार्य, देशातल्या गिर्यारोहणाचा पाया घालणारे, आणि ते 1958 साली चो ओयूवर फुप्फुसात पाणी होऊन गेले. उंची कोणाला कधी धरेल ते प्राचार्यालाही सांगता येत नाही. तुमच्या मुलानं सकाळी उस्तादाला खरं सांगितलं, लपवलं नाही, म्हणून तो आज घरात आहे. वडील बराच वेळ गप्प होते. मग आत जाऊन मुलाला हाक मारून बाहेर बोलावलं आणि माझ्याजवळ बसवलं. तो मुलगा नंतर माउंट अबूला गेला. गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद गिर्यारोहण संस्था तिथे प्रस्तरारोहण शिकवते, उंची आपल्या शरीराला झेपणारी आणि खडक अरवलीचा, पक्का. आज आमच्या सरावात दोर तोच लावतो. नवीन मुलांना डोकेदुखी लपवू नका, हे तोच सांगतो आणि त्याचं ते ऐकतात.

ग्रेडचंही तसंच. 'ए' मिळाला तरच पुढच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सला जाता येतं, म्हणून 'बी' आलेली मुलं रडत फोन करतात. शिकण्याची वाट एवढीच नसावी. पुण्यात 'गिरिप्रेमी' संस्थेच्या मंडळींनी गिर्यारोहणाचं शिक्षण विद्यापीठापर्यंत नेलं आहे, तशी सोय आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाली तर किती मुलांचं भलं होईल, असं मला फार वाटतं. तोवर हे काम आम्ही पावागडाच्या पायऱ्यांवर करत राहू.

यंदा तुमच्या घरातून कोणी जाणार असेल तर एवढं करा. सरावाचे बूट दोन महिने आधी घ्या. आजार लपवू नका. तो बाँड जेवणानंतर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. एक रविवार मुलाबरोबर पावागड खालून चढा, रोपवेनं नको. आणि मूल कोर्स अर्धा सोडून परत आलं, तर सोडायला जितकी माणसं स्टेशनवर गेली होती, तितकीच घ्यायलाही जा.