बाळाचे टोपडे आणि आईचा वेळ

बाळासाठी हाताने काही विणणे हा निवांत बायकांचा उद्योग आहे, नोकरी किंवा मजुरी करणाऱ्या आईला तो परवडत नाही, असे सर्रास मानले जाते. आणि जिने बाळासाठी स्वेटर विणला नाही तिची हौस कमी पडली, असेही बोलले जाते. दोन्ही समजांच्या मुळाशी चूक एकच: विणलेली वस्तू आपण आईच्या रिकामपणाचा किंवा मायेचा पुरावा धरतो. ती अंगात घालायची वस्तू आहे. बाळाचे शरीर, ते झोपते ती जागा आणि विणणाऱ्याच्या हाताशी असलेला वेळ यांवरूनच तिचा विचार व्हायला हवा. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले दिंद्रुड डोळ्यांपुढे ठेवले तर हे लवकर पटते. या भागात तान्ह्या बाळाची आई शाळेत शिकवणारी असते, अंगणवाडी सांभाळणारी असते, तशी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्याची वाट धरणारीही असते.

आधी वेळेचा हिशेब करू. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटिमीटर असतो. बारीक धाग्याने, 10 नंबरच्या म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या सुयांवर टोपडे करायला शंभरेक टाके आणि साठेक ओळी लागतात. सरावलेला हात एक ओळ तीन-चार मिनिटांत काढतो, म्हणजे अख्खे टोपडे तीन-चार तासांचे. पंधरा-पंधरा मिनिटे बसूनही ते आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. स्वेटरला मात्र पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या आणि वर जोडणी. तो पुरा होईपर्यंत पुष्कळदा बाळाला आखूड झालेला असतो. क्रोशा आणखी सोयीचा. दोन सुयांवर शंभर घरे उघडी असतात, घाईत उठले की ती निसटतात. क्रोशात एकच घर उघडे असते, ते जरा लांब ओढून ठेवले की बाळाला घ्यायला उठता येते. ‘बाळंतिणीने सुई धरली तर डोळे जातात’ हे भयही निराधार आहे. मंद उजेडात बारीक काम केले की डोळे थकतात, अधू होत नाहीत. जपायचे ते मनगट. बाळाला सारखे उचलून नव्या आयांचा अंगठ्याच्या बाजूचा स्नायुबंध पुष्कळदा सुजतो आणि तासन् तास विणल्याने ते दुखणे वाढू शकते. अशा वेळी सुया बाजूला ठेवाव्यात.

सगळ्यांत मोठा गैरसमज धाग्याचा. दुकानात लोकर म्हणून मिळणारे बहुतेक रंगीत गुंडे ॲक्रिलिकचे असतात. तो धागा मऊ, स्वस्त आणि धुवायला सोपा असतो, पण घाम फारसा टिपत नाही, आणि आगीशी गाठ पडली की पेट घेऊन वितळतो व कातडीला चिकटतो. ऊसतोडीच्या कोपीत याचे महत्त्व कळते. पाचटाची लहानशी खोपी, जवळच तीन दगडांची चूल, शेजारी झोळीत बाळ आणि दिवस उजाडण्याआधी फडात गेलेली आई. तिथली थंडी खरी आहे, तशी ठिणगीही खरी आहे. मेंढीची लोकर सहजासहजी पेटत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा विझते. पण नवजाताच्या नाजूक कातडीला ती टोचते. सूत पेटते खरे, पण वितळून अंगाला चिकटत नाही, आणि घामही टिपते. म्हणून अंगालगत सुती आणि थंडीत त्यावर उबदार थर, हाच शहाणपणा. धागा ओळखायचा तर बाळापासून दूर त्याचे एक टोक जाळून पाहावे. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, सुताला जळक्या कागदाचा, आणि ॲक्रिलिकची कडक काळी गाठ होते.

मग टोपडे सतत घालावे का? इथेही घरोघरचा समज आणि वैद्यक यांत अंतर आहे. बाळाच्या शरीराच्या मानाने डोके मोठे असते, त्यातून उष्णता लवकर जाते. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या तासांत, आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला, टोपडे फार मोलाचे. आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून ठेवण्याची कांगारू पद्धत 1970च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तीत बाळाच्या अंगावर टोपडे, मोजे आणि लंगोट एवढेच असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या सगळ्या बाळांसाठी ही पद्धत सुचवली, दिवसाला 8 ते 24 तास. अशा बाळाला बाजारचे टोपडे डोळ्यांवर घसरते. मापाने विणलेले बसते. हाताच्या कामाचा खरा फायदा मला इथे दिसतो. वेळेवर जन्मलेल्या धडधाकट बाळाला मात्र घरात झोपताना टोपडे नको, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्येच स्पष्ट केले, कारण डोके झाकले की अंग जादा तापू शकते. बीडच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना कानटोपी आणि हातमोजे घातलेले बाळ पाहून कौतुक करण्यासारखे काही नसते. हातपाय गार लागले म्हणजे बाळ गारठले, असेही नाही. मान किंवा छाती चाचपून ऊब ठरवावी.

गोंडे, मणी, गळ्याशी बांधायच्या नाड्या आणि जाळीची वीण यांची हौस आवरलेली बरी. मोज्याच्या आतला सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळून रक्तपुरवठा थांबल्याची प्रकरणे वैद्यकाला चांगली माहीत आहेत. विणून झाले की वस्तू उलटी करून टोके आत ओवून टाकावीत, धुवावी, मगच घालावी.

यावर रास्त आक्षेप असा, की जिला बाळंतपणाची रजाच नाही तिच्यापुढे टोपड्याची चर्चा कशाला? 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आली. पण ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन नवऱ्याच्या जोडीने कोयता धरणाऱ्या बाईपर्यंत ती पोचत नाही, आणि कुठलीही विणलेली वस्तू ती उणीव भरून काढणार नाही. हे मान्य करूनच माझे म्हणणे आहे, की विणण्याची अपेक्षा आईकडून ठेवूच नये. भेट ही देणाऱ्याने करायची असते. टोपडे आजीने करावे, शेजारणीने करावे, शाळेतल्या सहकाऱ्याने करावे, पुरुषांनीही करावे. घोंगडीसाठी लोकर कातणारे धनगर पुरुष महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या पाहिले आहेत, धाग्याचे काम बायकांचेच असा नियम आपल्याकडे कधी नव्हता. जन्माआधी बाळाचे कपडे करू नयेत असे घरच्यांना वाटत असेल तर बारशानंतर सुरुवात करावी आणि टोपडे तीन महिन्यांच्या, म्हणजे 40 सेंटिमीटरच्या मापाचे करावे.

यंदा दिवाळीआधी ओळखीच्या घरात तान्हे बाळ असेल तर त्याच्या डोक्याचे माप घ्या, साधे सुती टोपडे विणा आणि ते द्यायला जाल तेव्हा तासभर बाळाला सांभाळा, आईला झोपू द्या.