बॅग भरून तयार असलेला हीरो

दिवाळीला पिंपळनेरला घरी गेले, तर आईचा पहिलाच प्रश्न, ‘या नोकरीत तरी टिकशील ना?’ चार वर्षांतला माझा हा तिसरा जॉब. उत्तर नव्हतं. मग बाबांच्या कपाटातलं ‘बिढार’ उचललं आणि थेट गच्ची गाठली.

आणि आपलाच माणूस भेटला! भालचंद्र नेमाडेंचा चांगदेव पाटील. इंग्रजीचा प्राध्यापक. नव्या कॉलेजात रुजू व्हायचं, खोली शोधायची, तिथलं जातीचं आणि संस्थेचं राजकारण बघून वैतागायचं, की निघाला पुढच्या गावाला. आपण याला ‘स्विच मारणं’ म्हणतो. त्याच्याकडे लिंक्डइन नव्हतं, एवढंच.

नेमाडे आमच्या खानदेशातलेच, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. स्वतःही नगर, धुळे, औरंगाबाद अशा गावांत इंग्रजी शिकवत फिरलेले. १९६३ मध्ये, पंचविशीत त्यांची ‘कोसला’ आली. तिचा पांडुरंग सांगवीकर वडिलांच्या पैशांवर पुण्यात शिकतो (म्हणजे शिकत नाही!) आणि रिकाम्या हातानं गावी परततो. गोष्ट संपली. एका पुस्तकात माणूस फार तर मोडून दाखवता येतो.

चांगदेवला मात्र ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७), ‘झूल’ (१९७९) एवढी ऐसपैस जागा मिळाली. आता ‘हूल’ धरून या मालिकेला ‘चांगदेव चतुष्टय’ म्हणतात. टीव्ही सीरियलमध्ये खाष्ट सासू एका एपिसोडमध्ये रडते आणि गुणी होते. इथे तसं काही होत नाही. चांगदेवचं तुटकपण, सगळ्यांना नावं ठेवणं, पाय न रोवणं सोबतच राहतं. गाव बदलतं आणि तोच दोष नव्या उजेडात दिसतो. पहिल्या गावात आपण कॉलेजला दोष देतो. पुढच्या गावात मला तरी बॅगवाल्याचाच संशय यायला लागला.

यात लेखकाची एक साधी युक्ती आहे. ‘कोसला’त पांडुरंग स्वतःच बोलतो, त्यामुळे त्याची प्रत्येक तक्रार खरी वाटते. चांगदेवची गोष्ट ‘तो’ म्हणून सांगितलीय. दोन पावलं लांबून पाहिलं, की त्याच्या आजूबाजूची माणसंही दिसतात, सहकारी, शेजारी, मित्र. तो वैतागत असतो तेव्हा त्यांचंही काहीतरी चाललेलं असतं. स्वतःची गोष्ट लिहायला बसलेल्या प्रत्येकानं ‘मी’च्या जागी एकदा ‘तो’ घालून बघावं. मी घातलं. तिसऱ्या राजीनाम्याचा मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.

आईला म्हटलं, ‘झूल’ संपली की सांगते.