चाचणीच्या नकाशाबाहेर

धानाचं नवं वाण शेतकऱ्याच्या हाती पडण्याआधी अनेक ठिकाणच्या बांध्यांमधून जातं. 1965 साली हैदराबादेतून सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पाचं सूत्रच ते आहे: एकच वाण वेगवेगळ्या माती-पावसात लावायचं आणि मगच त्याबद्दल बोलायचं. आमच्या पूर्व विदर्भात साकोली आणि सिंदेवाहीला भात संशोधनाची केंद्रं आहेत. कोकणात जोमानं आलेलं वाण आपल्या बांधीत तसंच येईल, असं गोंदियाचा शेतकरी धरून चालत नाही. ऑनलाइन खेळ बनवणाऱ्यांना मात्र ही गोष्ट उशिरा उमगली, आणि माझ्या मते अजून अर्धीच उमगली आहे.

मी स्वतः खेळणारा नव्हे. जिल्ह्यातली माणसं मोबाइलवर काय करतात, याच्या नोंदी ठेवताना खेळ वगळणं शक्य नव्हतं, म्हणून या विषयात शिरलो.

आधी शब्द स्पष्ट करू. सॉफ्टवेअर तयार होत आलं की प्रथम बनवणारेच ते तपासतात; ती अल्फा चाचणी. मग ते अपुरं असतानाच बाहेरच्यांच्या हाती देतात, ती बीटा. निमंत्रितांपुरती असेल तर बंद, दार सर्वांना उघडं असेल तर खुली. जीमेल एप्रिल 2004 पासून जुलै 2009 पर्यंत बीटाची पाटी लावूनच चाललं होतं. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांनी नकळत परीक्षकाचं काम केलं आहे.

बाहेरची माणसं कशाला हवीत, याचा सर्वांत बोलका दाखला 1997 च्या 'अल्टिमा ऑनलाइन'चा. रिचर्ड गॅरिअट आणि सहकाऱ्यांनी त्यात अख्खं जंगल रचलं होतं. गवत, ते खाणारे प्राणी, त्यांच्यावर जगणारे शिकारी प्राणी. एकाची संख्या घटली की दुसऱ्याचं वागणं बदलणार. आखणी झकास होती. खेळाडू आत शिरले आणि त्यांनी दिसेल तो प्राणी इतक्या वेगानं मारला, की ते चक्र फिरायला सवडच मिळाली नाही. योजना सोडून द्यावी लागली. कार्यालयातल्या पाच-पंचवीस माणसांना हे कधीच दिसलं नसतं.

माणसं हवीत हे मान्य झालं, पण कुठली? इथे प्रदेशाचा प्रश्न येतो आणि त्याच्या मुळाशी भौतिकशास्त्र आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरला निरोप जाऊन उत्तर परत यायला किमान दहा मिलिसेकंद लागतात. गोंदियाहून मुंबई रेल्वेने हजाराच्या आत-बाहेर आहे. सिंगापूर सरळ रेषेतही तीन हजारांहून अधिक, आणि केबल सरळ रेषेत जात नाही. त्यात वाटेवरच्या यंत्रांचा आणि गावातल्या टॉवरवरच्या गर्दीचा वेळ मिळवा. गोळी झाडणाऱ्याला वाटतं नेम लागला. सर्व्हरच्या हिशेबात समोरचा केव्हाच भिंतीआड गेलेला असतो. बुद्धिबळात हे चालून जाईल. नेमबाजीच्या खेळात हाच हार-जितीतला फरक.

'व्हॅलरंट' या खेळाची बंद चाचणी एप्रिल 2020 मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेत सुरू झाली, पुढे ब्राझील, लॅटिन अमेरिका, कोरिया. भारत त्या यादीत नव्हता. जूनमध्ये खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा आपली मुलं सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळत होती. मुंबईचा सर्व्हर नंतर आला. कंपन्यांची बाजूही खरी आहे. प्रत्येक प्रदेशात सर्व्हर ठेवायला पैसा लागतो, तक्रारी वाचायला माणसं लागतात, एकदम सगळे आत आले तर कुठली चूक कशामुळे झाली हे कळत नाही. म्हणून पायरीपायरीनं उघडणं चूक नाही. पण जे पहिल्या पायरीवर नसतात त्यांच्या अडचणी आखणीत उतरत नाहीत, नंतर डागडुजीत येतात.

याहून गंभीर गोष्ट 'पोकेमॉन गो'ची. तो 2016 मध्ये आला, पण त्याचा नकाशा जुना होता. त्याच कंपनीच्या 'इनग्रेस' खेळाची निमंत्रितांपुरती चाचणी नोव्हेंबर 2012 मध्ये सुरू झाली होती. आपल्या गावातले पुतळे, देवळं, जुन्या इमारती यांची नोंद खेळाडूंनीच करायची होती. पोकेमॉनचे थांबे मुख्यतः या नोंदींवरून ठरले. जिथे इनग्रेस खेळणारे होते, ती शहरं थांब्यांनी गजबजली. जिथे नव्हते, तिथे मैलोगणती काही नाही. डिसेंबर 2016 मध्ये हा खेळ भारतात आला तेव्हा जिओची दुकानं थांबे म्हणून घालावी लागली. सालेकशाजवळच्या कचारगडला माघ पौर्णिमेला लाखो आदिवासी भाविक येतात; पण नोंद करणारा खेळाडू त्या भागात नसेल, तर अशा नकाशात ती जागा नुसतं रान. चाचणीत कोण होतं, यावर खेळातलं जग ठरतं, ते असं.

मग 'सर्व प्रदेशांना खुली' असं जाहीर झालं की प्रश्न मिटला का? गुगलच्या प्ले स्टोअरवर चाचणी ठेवणारा देश निवडतो. यादीत भारत आहे, गोंदिया नाही. अंधेरी आणि देवरी त्या हिशेबात एकच. शिवाय कमी रॅमचे फोन वगळण्याची सोयही तिथेच असते. म्हणजे सरहद्द उघडली तरी हातातला फोन दाराबाहेर ठेवू शकतो, आणि कित्येकदा मुलाला कारणही कळत नाही. तिसरी गाळणी वेळेची. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' 17 जून 2021 ला परीक्षकांसाठी उघडला तेव्हा जागा बघता बघता भरल्या. अशा शर्यतीत ज्याचं नेटवर्क आधीच चांगलं, तोच पुढे; आणि चाचणी तर हवी असते नेटवर्क वाईट असलेल्याची!

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' याच मार्गानं आला: 2023 मध्ये बंद चाचणी, ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वांसाठी. महाराष्ट्रातच खेळ बनू लागले, ही आनंदाची गोष्ट. तरी पुण्यापासून आमगावही दूरच आहे. इथली मुलं घरात पोवारी किंवा लोधी बोलतात, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. खेळ 'अटकतो' एवढंच ती सांगतात. टॉवर, सर्व्हर, फोन यांतलं काय अटकलं, हे शोधायला तक्रारीचा इंग्रजी रकाना पुरत नाही. आपोआप नोंदले जाणारे आकडे आणि दोन भाषांतले साधे प्रश्न, एवढ्यानं बरंच साधेल.

एक गोष्ट पालकांसाठी. परीक्षक म्हणजे बिनपगारी कामगारच, आणि त्यांतले बरेच अठराच्या आतले. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अट आहे. ती संमती म्हणजे मुलानंच आईच्या फोनवर दाबलेलं बटण, असं होऊ नये.

आता उलट बाजू पाहा. प्ले स्टोअरवर नव्यानं वैयक्तिक खातं उघडणाऱ्याला आपला खेळ प्रसिद्ध करण्याआधी बंद चाचणी घ्यावीच लागते: आधी वीस परीक्षक लागत, डिसेंबर 2024 पासून बारा, सलग चौदा दिवस. तिरोड्याच्या एखाद्या मुलानं खेळ बनवला तर बारा जण त्याला एका मोहल्ल्यात मिळतील, बारा तऱ्हेच्या स्वस्त फोनांसह. तेरावा मात्र त्याला पुण्या-मुंबईकडचा शोधावा लागेल.