हँगर नंबर १: पाटी कोणाची, जमीन कोणाची?

इमारतीवरची पाटी वाचून मालक ठरवू नका. लॉस एंजेलिसचा आजचा विमानतळ म्हणजे पूर्वीची शेतजमीन, माइन्स फील्ड. १९२८ मध्ये शहराने ती भाडेपट्ट्याने घेतली आणि म्युनिसिपल विमानतळ सुरू केला. १९२९ मध्ये तिथली पहिली पक्की इमारत उभी राहिली, ती हँगर नंबर १. वर कौलं, खाली कमानी. विमानांची शेड कमी, स्पॅनिश वाडाच जास्त वाटतो! ती वापरायची कर्टिस-राइट कंपनी. आणि शहराने जमीन विकत घेतली थेट १९३७ मध्ये. म्हणजे नाव शहराचं, जमीन दुसऱ्याची, आत तिसराच.

तुमच्या टिपणवहीत या तिघांचे रकाने वेगळे ठेवा. मी (विज्ञानवाला ना!) ‘मालकी’ असा एकच रकाना केला होता, सगळ्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या.