पळणारा कुत्रा बेइमान नसतो

पाच महिन्यांचं होईपर्यंत पायात घुटमळणारं पिल्लू आठव्या महिन्यात फाटक किलकिलं होताच सुसाट सुटतं. घरचे हवालदिल होतात आणि शेजारीपाजारी सल्ले देतात : बांधून ठेवा, दोन रट्टे द्या, आणखी एखादा कुत्रा आणा. साधारण सहाव्या महिन्यापासून दीड-दोन वर्षांपर्यंतचा हा काळ कुत्र्याचा वयात येण्याचा असतो. याच वयातल्या पळण्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत.

गैरसमज : पळतो, म्हणजे घराचा लळा लागलेला नाही.

वस्तुस्थिती : लळा असतोच, पण या वयात कान बंद होतात. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी अंधांचे मार्गदर्शक म्हणून वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. पाचव्या महिन्यात 'बस' म्हटल्यावर बसणारे कुत्रे आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्याचं कमी ऐकू लागले. परक्या माणसाच्या बाबतीत मात्र तसं घडलं नाही. वर्षाच्या सुमारास ते पुन्हा वळणावर आले. म्हणजे हे वय सरतं. तोवर धीर धरायचा आणि शिकवणं सोडायचं नाही.

गैरसमज : साखळीला बांधलं की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : दिवसभर बांधलेला कुत्रा साखळी सुटली रे सुटली की अधिकच जोमाने पळतो, कारण अंगातली रग जिरलेलीच नसते. शिवाय १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार आखूड किंवा जड साखळीला गैरवाजवी काळ बांधून ठेवणं आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवायला न नेणं ही क्रूरता ठरते. बंगल्याचं आवार मोठं असलं तरी तेवढ्याने भागत नाही. रोजच्या वासांत नवं काही उरलं नाही की कुत्र्याचं नाक फाटकाखालच्या फटीला लागतं. सकाळ-संध्याकाळ बाहेर, वास घेत, रेंगाळत फिरू दिलं तर ही ओढ बरीच कमी होते.

गैरसमज : फिरून येईल आपोआप, घर ओळखतो तो.

वस्तुस्थिती : घर ओळखत असेलही, पण वाटेत गाड्या आहेत आणि आपला इलाका राखणारी भटकी कुत्री आहेत. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात त्यांच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आढळला. बिबट्याचा वावर असलेल्या भागात कुत्रा रात्री बाहेर सोडूच नये. आणखी एक गोष्ट : पळण्यातली मजा हेच पळण्याचं बक्षीस असतं. दर यशस्वी पळापळीने सवय पक्की होत जाते.

गैरसमज : परत आला की फटका द्यावा, म्हणजे लक्षात राहील.

वस्तुस्थिती : त्याच्या लक्षात राहतं ते एवढंच, की जवळ गेलं की मार बसतो. मालक हातात चप्पल घेऊन 'मोती, इकडे ये!' असं ओरडत असतो. दहा पावलांवर मोती पुढचे पाय पसरून, शेपूट हलवत वाकतो. मालकाने पाऊल टाकलं की उडी मारून पुढे. मोतीच्या लेखी हा पकडापकडीचा खेळ असतो. अशा वेळी पाठलाग करू नये. उलट दिशेने पळावं किंवा खाली बसावं, बहुतेक कुत्रे कुतूहलाने येतात. आला की, कितीही राग आलेला असला तरी, शाबासकी आणि चिकनचा तुकडा द्यायचा. सरावासाठी हार्नेसला सात-आठ मीटर लांब दोरी लावून मोकळ्या जागी हाक मारावी, खाऊ द्यावा आणि पुन्हा हुंदडायला सोडावं. हाक म्हणजे दर वेळी खेळ संपला, असं त्याला वाटता कामा नये.

गैरसमज : नसबंदी केली की पळणं कायमचं थांबतं.

वस्तुस्थिती : माजावर आलेल्या मादीच्या वासाने जाणाऱ्या नरांत फरक नक्की पडतो. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किमान ६० टक्के नरांचं भटकणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालं. जवळजवळ थांबलं, असे नर मात्र २५ ते ४० टक्केच. कंटाळ्याने किंवा फटाक्यांच्या धसक्याने पळणाऱ्यावर नसबंदीचा इलाज नाही. दिवाळीत कुत्र्याला अंधार पडण्याआधी फिरवून आणावं आणि आतल्या खोलीत ठेवावं. नसबंदी कोणत्या वयात करायची हे जातीनुसार बदलतं; पशुवैद्यांना विचारून ठरवावं.

गैरसमज : चिप बसवली आहे, सापडेलच.

वस्तुस्थिती : तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपमध्ये बॅटरी नसते आणि ती ठावठिकाणा सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला तर १५ आकडी क्रमांक तेवढा दिसतो. त्या क्रमांकापुढे तुमचा चालू फोन नंबर नोंदलेला नसेल तर चिप असून नसून सारखीच. म्हणून गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर हवाच. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढाच तो सैल असावा, नाहीतर डोकं मागे ओढून कुत्रा निसटतो.

कुत्रा घरी राहावा असं वाटत असेल तर आजच फाटकाची कडी तपासा, खालची फट बुजवा, दूधवाला किंवा पार्सलवाला आला की आधी कुत्र्याला आत घ्या आणि मगच दार उघडा. बाकीचं काम रोजचं फिरणं आणि खिशातला खाऊ करतील.