जुनी जेट-स्की आणि चढउतार करणारी रेस
पाण्यावरची इंजिनं : भाग ६

पाणी शांत आहे, थ्रॉटल एकाच जागी धरलाय, तरी इंजिनाचा आवाज चढतो, पडतो, पुन्हा चढतो. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो आवरा. रेस वाढते तेव्हा स्की पुढे ओढते का, एवढंच आधी बघा.

ओढत नसेल, तर गेल्या आठवड्यात पाहिलेला, स्कीला पुढे ढकलणारा जेट पंप पुन्हा उघडा. पंपात हवा शिरली की पंखा पाण्याऐवजी बुडबुडे कापतो आणि भार सुटलेलं इंजिन भर्रकन वर जातं. अडकलेलं शेवाळ, वाकलेली पाती, झिजलेली वेअर रिंग, शाफ्टवरचं फाटलेलं रबर, यांपैकीच काहीतरी असतं.

स्की ओढते, मध्येच दम टाकते आणि पुन्हा ओढते, असं होत असेल तर इंजिन उपाशी आहे.

१९९०च्या दशकातली ‘सी-डू’ या ब्रँडची टू-स्ट्रोक जेट-स्की घ्या. तिच्या मिकुनी कार्बोरेटरमध्ये फ्लोट नसतो. स्की सतत कलंडते, उसळते, म्हणून पेट्रोलचं माप रबरी डायफ्रॅम राखतो, आणि पेट्रोलच्या वाटेवर कार्बोरेटरच्या आत एक बारीक जाळी असते. त्या काळच्या करड्या पेट्रोल-नळ्या वर्षानुवर्षांत आतून विरघळतात. त्यांचा हिरवट चिकट गाळ नेमका या जाळीवर बसतो. मग कार्बोरेटर जितकं पेट्रोल देतो तितकं आत येत नाही. साठा संपतो, रेस पडते. मागणी घटल्यावर साठा पुन्हा भरतो, रेस चढते. ऐकू येणारा चढउतार तो हाच.

इथे चालढकल करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं पेट्रोल पिस्टनला थंडही ठेवतं. ते कमी पडलं की पिस्टन तापतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. ‘जोरात पळवली की कचरा निघून जाईल’ म्हणत फुल थ्रॉटल देणं म्हणजे इंजिन गमावणं.

किनाऱ्याजवळच, मंद वेगात, तीन गोष्टी करून पाहा. टाकीचं झाकण सैल केल्यावर रेस स्थिरावली, तर टाकीत हवा घेणारी नळी बंद आहे. रिझर्व्हवर फरक पडला, तर टाकीतली मुख्य नळी किंवा तिची जाळी तुंबली आहे. चोक किंचित ओढल्यावर इंजिन सुधारलं, तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की.

मग सगळ्या करड्या नळ्या काढून काळ्या, पेट्रोलसाठीच्या नळ्या घाला. रिझर्व्हचा कॉक, फिल्टर आणि कार्बोरेटर उघडून साफ करा. बाहेरून स्प्रे मारून आतल्या जाळीवरचा गाळ निघत नाही. डायफ्रॅम कडक झाला असेल तर बदला. आपल्याकडे पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या जेट-स्की महिनोन्‌महिने उभ्या असतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, आणि पाणी वेगळं झालं की तळाशी बसतं. म्हणून स्की उभी करण्याआधीच टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा.

एवढं करूनही थ्रॉटल सोडल्यावर रेस खाली यायलाच वेळ लागत असेल, तर गॅस्केटमधून किंवा क्रँकच्या सीलमधून हवा ओढली जातेय. ती शोधायला इंजिनाची सगळी तोंडं बंद करून आत हवेचा हलका दाब द्यावा लागतो आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघावं लागतं. ती चाचणी पुढच्या आठवड्यात सविस्तर पाहू. तोवर अशी स्की पाण्यात उतरवू नका.